वर्धा जिल्ह्यातील कापसावरील कीड आणि तिचे नियंत्रण : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विदर्भाच्या कृषी इतिहासावर आजवर जे लेखन झाले, त्यात जमीन महसूल, सावकारी, रेल्वे, कापसाचा भाव आणि अलीकडच्या काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे विषय प्रामुख्याने येतात. कापसाच्या झाडावर जगणारी कीड मात्र इतिहास-लेखनात फारशी आढळत नाही. ती कीटकशास्त्रज्ञांची बाब आहे असे मानून इतिहासकाराने तिच्याकडे पाठ फिरवली. वास्तविक पाहता कीड कशी आवरावी या प्रश्नाला समाजाने वेगवेगळ्या काळी वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि प्रत्येक उत्तराबरोबर त्याची किंमत मोजणारा माणूसही बदलत गेला आहे. हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात अधिक टोकदार होतो. हा जिल्हा एकीकडे हिंगणघाटच्या कापसाचा, तर दुसरीकडे सेवाग्राम व पवनारचा जिल्हा आहे. जेथे सापालाही न मारण्याचा आग्रह धरला गेला, त्याच परिसरात पुढे पाठीवरचा फवारणी पंप हे शेतीचे नित्याचे अवजार झाले. या दोन गोष्टी एकाच मातीत कशा नांदल्या, याचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

बनीचा कापूस आणि सरकारी दृष्टी

वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा करण्यात आला. प्रारंभी पुलगावजवळील कवठा येथे असलेले जिल्ह्याचे ठाणे १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी वसविलेल्या वर्धा शहरात आले. त्यानंतर लवकरच, १८६७ मध्ये, मुंबईहून येणारी रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा तुटवडा पडला होता आणि त्यांचे लक्ष वर्धा नदीच्या खोऱ्याकडे वळले होते. जिल्ह्याची जमाबंदी करणारे अधिकारी हॅरी रिव्हेट-कार्नॅक हेच पुढे मध्यप्रांत व वऱ्हाडचे कापूस आयुक्त झाले. हिंगणघाट परिसरातील 'बनी' कापसाच्या लांब व मऊ धाग्याचे त्यांना मोठे कौतुक होते. त्याची सरकी इतरत्र पसरविण्याचे प्रयत्न त्यांच्या कारकिर्दीत झाले.

या काळच्या सरकारी चिंतेचा विषय मुख्यत्वे सरकीची शुद्धता, भेसळ, रुईतील कचरा आणि गाठी बांधण्याची पद्धत हा होता. कीड त्या मानाने मागे राहिली. याचे एक कारण व्यापारी दृष्टीत आहे, कारण मँचेस्टरला पोहोचणारी गाठ खराब झाली तर ती दिसते, शेतात गळून पडलेले बोंड मात्र तेथून दिसत नाही. दुसरे कारण पिकाच्या स्वभावात आहे. बनी आणि तिची जागा पुढे घेणारी जाड्या धाग्याची 'जरी' हे दोन्ही देशी कापूस होते. तुडतुडे, मावा यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींना देशी कापूस अमेरिकन जातींपेक्षा चांगला तोंड देतो. ठिपक्यांची बोंडअळी, लाल ढेकण्या, पाने गुंडाळणारी अळी या किडी त्या काळीही होत्या. परंतु कापसात तुरीच्या ओळी, शेजारी ज्वारी, उन्हाळ्यात वखरून तापू दिलेली जमीन आणि वेचणी संपताच शेतात सोडलेली गुरे या साऱ्या व्यवस्थेत किडीला एकाच पिकावर वर्षभर पोसले जाण्याची संधी कमी मिळत असे. ही व्यवस्था कीडनियंत्रणासाठी आखलेली नव्हती. घरात तूर-ज्वारी हवी, गुरांना चारा हवा, म्हणून ती तशी होती. कीड आटोक्यात राहणे हा तिचा आनुषंगिक लाभ होता. जुन्या शेतीचे गुणगान करताना हा भेद विसरला जातो, म्हणून येथे मुद्दाम नोंदविला आहे.

या व्यवस्थेत एक मोठे छिद्रही होते. ते म्हणजे पऱ्हाटी. वेचणी झाल्यावर कापसाची उपटलेली झाडे घराच्या मागे रचून ठेवायची आणि वर्षभर चुलीला वापरायची, ही विदर्भातील सर्वसाधारण रीत. झुडपी जंगल तोकडे आणि शेण खतासाठी हवे, अशा घरात पऱ्हाटी हेच सरपण. या पऱ्हाटीला चिकटून राहिलेल्या न उमललेल्या बोंडांत आणि जिनिंगमध्ये साठविलेल्या सरकीत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत उन्हाळा काढते. पहिल्या पावसानंतर तिचे पतंग बाहेर पडतात. ज्या काडीवर गरिबाची भाकर भाजली जात होती, तीच काडी किडीचे आश्रयस्थान होती. पऱ्हाटी जाळून टाका असा सल्ला कृषी खात्याने दिला तरी तो फारसा का पाळला गेला नाही, याचे उत्तर शेतकऱ्याच्या अज्ञानात शोधण्यापेक्षा त्याच्या चुलीत शोधणे अधिक न्याय्य होईल.

विशेष म्हणजे जगभर पसरलेल्या या अळीची शास्त्रीय ओळखही भारतातूनच झाली. भडोच येथील सरकारी कापूस लागवडीतून पाठविलेल्या नमुन्यांवरून डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध केले.

सोंड्याची धास्ती

कीटकशास्त्राला भारतात सरकारी आसन मिळाले ते विसाव्या शतकाच्या आरंभी. हॅरॉल्ड मॅक्सवेल-लेफ्रॉय हे १९०३ मध्ये भारत सरकारचे कीटकशास्त्रज्ञ म्हणून आले. बिहारमधील पुसा येथे १९०५ साली कृषी संशोधन संस्था उभी राहिली आणि १९०६ मध्ये लेफ्रॉय यांचा भारतीय पिकांवरील किडींचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. नागपूरचे कृषी महाविद्यालय याच सुमाराचे. त्या काळच्या सल्ल्यांत रसायनांना स्थान होते, पण हाताला अधिक होते. लाल ढेकण्या रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या भांड्यात झटकाव्यात, किडकी बोंडे वेचून नष्ट करावीत, अळ्या हाताने टिपाव्यात असा हा उपदेश होता. कापसाच्या पानांच्या कडा अर्धगोल कुरतडणारे करड्या रंगाचे सोंडे याच गटातले. त्यांच्या अळ्या जमिनीत राहून मुळे खातात. झाड हलविताच प्रौढ सोंडे मेल्याचे सोंग घेऊन खाली पडतात. म्हणून झाडाखाली कापड धरून ते झटकून गोळा करणे हाच त्यांच्यावरचा सोपा उपाय सांगितला जाई. कापसाच्या शेतात सोंड्यांनी फार मोठे नुकसान केल्याचा आपल्याकडील अनुभव नाही. शेतकऱ्याला सोंडा अधिक परिचित आहे तो ज्वारीच्या कणगीतला.

तरीही एका सोंड्याने हिंदुस्थान सरकारला धास्तावून सोडले होते. मेक्सिकोतून १८९२ च्या सुमारास टेक्सासमध्ये शिरलेल्या बोंड पोखरणाऱ्या सोंड्याने पुढील तीस वर्षांत अमेरिकेचा जवळजवळ सगळा कापूसपट्टा व्यापला. अलाबामा राज्यातील एंटरप्राइज या गावी १९१९ मध्ये या किडीचे चक्क स्मारक उभारण्यात आले, कारण तिच्यामुळे तेथील शेतकरी भुईमुगाकडे वळून सावरले. हा सोंडा अमेरिकन रुईच्या गाठींतून मुंबई बंदरात उतरेल आणि तेथून आतल्या कापूसप्रदेशात शिरेल, ही भीती निराधार नव्हती. विध्वंसक कीटक व कीड कायदा १९१४ मध्ये झाला. १९२१ साली भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली, आणि त्या दशकात अमेरिकन रुई मुंबईत उतरताच तिला हायड्रोसायनिक आम्लाच्या विषारी वायूची धुरी देण्याची व्यवस्था करण्यात आली. हा सोंडा भारतात आजतागायत स्थिरावलेला नाही.

वर्ध्याच्या दृष्टीने या प्रकरणाचे महत्त्व वेगळे आहे. येथे विष वापरले गेले ते बंदरावर, प्रशिक्षित माणसांकडून, बंदिस्त जागेत आणि सरकारी खर्चाने. शेतकऱ्याचा त्या विषाशी संबंधच आला नाही. पुढील काळाशी तुलना करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. बंदिस्त जागेतही विष निर्धोक असते असे नाही. स्वतः लेफ्रॉय १९२५ मध्ये लंडनमध्ये, आपल्याच प्रयोगशाळेत कीटकनाशक वायूवर काम करीत असताना, तो श्वासात गेल्याने मरण पावले. भारतीय किडींचे आद्य ग्रंथकार म्हणून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांचा मृत्यू कसा झाला याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

सेवाग्राम : अहिंसा आणि पिकावरची कीड

डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि जमनालाल बजाज यांनी त्यासाठी वर्ध्यातील आपली बाग दिली. मगनलाल गांधींच्या स्मरणार्थ तिचे नाव मगनवाडी झाले. गांधीजी एप्रिल १९३६ अखेर शेगावला राहावयास गेले. संत गजानन महाराजांच्या शेगावशी टपालात घोटाळा होऊ लागल्याने १९४० मध्ये या गावाचे नाव सेवाग्राम ठेवण्यात आले. आश्रमात साप पकडून दूर सोडून देण्यासाठी वापरला जाणारा लाकडी चिमटा आणि पिंजरा आजही पाहावयास मिळतो. तेथे येणारा प्रवासी त्यावरून असा समज करून घेतो, की गांधीजींच्या अहिंसेत कोणत्याही जीवाच्या हत्येला जागा नव्हती.

त्यांचे लेखन वेगळे सांगते. अहमदाबादच्या गिरणीमालकाने साठ पिसाळलेली व भटकी कुत्री मारविली तेव्हा, १९२६ मध्ये, गांधीजींनी 'यंग इंडिया'तून त्याची बाजू घेतली आणि जैन वाचकांचा रोष ओढवून घेतला. साबरमती आश्रमात असह्य वेदनांनी तळमळणाऱ्या वासराला १९२८ मध्ये त्यांच्या संमतीने विषाची सुई देण्यात आली. पिकांची नासाडी करणारी माकडे, पाखरे व कीटक यांचा प्रश्न १९४६ मध्ये 'हरिजन'च्या वाचकांनी उपस्थित केला. प्राण्यांना मुळीच मारू नये हा सिद्धान्त आपण संपूर्णतः स्वीकारू शकत नाही, आणि माणसाच्या अन्नावर घाला घालणाऱ्या जीवांना मारणे क्षम्य किंबहुना प्रसंगी कर्तव्यही ठरते, अशा आशयाची भूमिका त्यांनी त्या वेळी घेतली. शेतीत हिंसा अटळ आहे याची त्यांना पुरती जाणीव होती. शेतकऱ्याने उपाशी राहून किडीला जगवावे असे त्यांनी सांगितले नाही.

म्हणजे मारावे की मारू नये हा प्रश्न सेवाग्रामने सोडविला होता. कशाने मारावे, आणि मारताना आणखी कोण मरते, हा प्रश्न त्या वेळी या स्वरूपात उभाच राहिला नव्हता. डीडीटी तेव्हा नुकतीच युद्धातून बाहेर येत होती. त्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जे पोहोचले ते जे. सी. कुमारप्पा. मगनवाडीत ग्रामोद्योग संघाने तेलघाणी, हातकागद, गूळ यांबरोबर मधमाशापालनही हाती घेतले होते. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या शाश्वत अर्थव्यवस्थेवरील ग्रंथात कुमारप्पांनी निसर्गातील व्यवहारांचे प्रकार पाडले. त्यांत परोपजीवी, लुटारू, उद्यमी असे टप्पे सांगून मधमाशीला समूहासाठी श्रमणाऱ्या व्यवस्थेचे उदाहरण मानले. कीटकाकडे उपद्रव म्हणून न पाहता अर्थव्यवस्थेचा नमुना म्हणून पाहणारा हा लेखक वर्ध्यात बसून लिहीत होता. आज निंबोळी अर्काच्या पुस्तिकांत मित्रकीटक हा शब्द सर्रास आढळतो, त्याची वैचारिक पूर्वपीठिका येथे शोधता येईल असे प्रस्तुत लेखकास वाटते.

दुसरा धागा इंदूरचा. अल्बर्ट हॉवर्ड यांनी तेथील संस्थेत, जी मूलतः कापूस संशोधनासाठी उभारली होती, कंपोस्टची पद्धत विकसित केली. १९३५ च्या 'हरिजन'मधून या पद्धतीची माहिती देण्यात आली. कीड हे रोगाचे मूळ नसून जमिनीचे आरोग्य बिघडल्याची सूचना आहे, असे हॉवर्ड यांचे प्रतिपादन होते. हे प्रतिपादन सर्वच किडींना लागू पडत नाही. परमुलखातून आलेली कीड निरोगी शेतही फस्त करते. पण खत आणि कीड यांचा संबंध त्यांनी जोडला, आणि तो वर्ध्याच्या रचनात्मक कार्यकर्त्यांच्या विचारात मुरला. विनोबांनी पवनारला १९५० च्या सुमारास कांचनमुक्ती व ऋषिशेतीचा प्रयोग आरंभला, त्यात बाजारातून काहीही विकत न आणता शेती करण्याचा आग्रह होता. १९५१ मध्ये भूदानयात्रा सुरू झाली आणि पवनारच्या शेतापेक्षा जमिनीच्या वाटपाचा प्रश्न पुढे आला.

डबा आणि पंप

देशात बीएचसीचा कारखाना १९५२ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्रा येथे निघाला. हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये स्थापन होऊन डीडीटी तयार करू लागली. हिवतापाच्या राष्ट्रीय मोहिमेतून, १९५३ नंतर, खेड्यातील माणसाने घराच्या भिंतीवर पांढरी फवारणी प्रथम पाहिली. विष हे सरकार मोफत देते आणि त्याने डास मरून माणूस वाचतो, हा त्या पिढीचा अनुभव होता. पुढे शेतातील औषधावर तिने सहज विश्वास ठेवला, त्यामागे हा अनुभव असावा. या संदर्भात भाषाही लक्षणीय आहे. कीटकनाशकाला विदर्भात सर्वत्र 'औषध' म्हणतात आणि त्याची फवारणी 'मारतात'.

खरा बदल पिकामुळे झाला. सुरतच्या केंद्रात सी. टी. पटेल यांनी १९७० मध्ये 'एच-४' हे जगातील पहिले व्यापारी संकरित कापूस वाण दिले. पाठोपाठ संकरित व अमेरिकन जाती काळ्या जमिनीत पसरल्या. त्या उत्पन्न अधिक देत, पण तुडतुडे, पांढरी माशी व बोंडअळ्या यांना सहज बळी पडत. सरकी दरवर्षी विकत, खत विकत आणि औषधही विकत. ज्या कृषी केंद्रातून बी उधार मिळते तेथूनच औषध घ्यावे लागते, आणि कोणते घ्यावे हे सांगणाराही तोच दुकानदार. कीटकशास्त्रज्ञाची जागा काउंटरने घेतली, असे म्हटले तर ते कठोर वाटेल, पण खोटे ठरणार नाही. १९८० नंतर सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली. आरंभी त्यांचा गुण विलक्षण होता. दशक सरत आले तेव्हा अमेरिकन बोंडअळी, म्हणजेच हरभऱ्यावरची घाटेअळी, त्यांना दाद देईनाशी झाली. मात्रा वाढविणे, दोन औषधे मिसळणे, आठवड्याला फवारणे हे त्यापुढचे टप्पे होत. शेजारच्या आंध्र प्रदेशातील वरंगळ भागात १९९७-९८ मध्ये कीड, कर्ज आणि आत्महत्या यांची जी साखळी दिसली, तिचे पडसाद विदर्भातही उमटले. अनेक आत्महत्यांत साधन म्हणून तेच कीटकनाशक वापरले गेले, हे येथे नमूद करावे लागते.

कायदा नव्हता असे नाही. केरळात १९५८ मध्ये जहाजात पॅराथिऑनने दूषित झालेल्या गव्हाच्या पिठामुळे शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतरच्या विचारमंथनातून १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. डब्यावरील त्रिकोणाचे लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग त्या नियमांतले. संरक्षक कपडे, श्वसनयंत्रे, कामगारांची वैद्यकीय तपासणी यांचीही त्यांत तरतूद आहे. परंतु हे नियम मालक आणि कामगार यांच्या नोंदलेल्या नात्याची कल्पना करून लिहिले आहेत. वर्धा जिल्ह्यातील फवारणी करणारा माणूस बहुधा सालदार किंवा रोजंदारीचा मजूर असतो. सप्टेंबरच्या उकाड्यात डोक्यावर पोहोचलेल्या पऱ्हाटीतून तो चालतो, पंप पाठीवर गळतो, वारा फिरला की फवारा तोंडावर येतो. हातमोजे घातले तर झाकण उघडत नाही आणि दमट हवेत जाड कपडा अंगावर ठरत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेटची बाधा झाल्यावर अॅट्रोपिन व पॅम ही औषधे वेळेवर मिळणे निकडीचे असते. सेवाग्रामला १९६९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले म्हणून या जिल्ह्याची स्थिती तुलनेने बरी म्हणावी लागेल.

गुलाबी बोंडअळीचे पुनरागमन

बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये केंद्राची परवानगी मिळाली व २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. अमेरिकन बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखरच घटल्या, हे मान्य केले पाहिजे. जिल्ह्यातील शेतकऱ्याने हे वाण कोणाच्या भुलथापांनी नव्हे, तर अनुभवाने स्वीकारले. मात्र शेताच्या कडेने लावावयाचे बिगर-बीटी 'रेफ्युजी' बियाणे बहुतेकांनी लावले नाही, कारण एकर-दोन एकरांच्या मालकाला किडीसाठी चार ओळी सोडणे परवडत नाही. ओलिताची सोय झाल्याने वेचणीनंतर पाणी देऊन मार्चपर्यंत 'फरदड' घेण्याची प्रथा वाढली. देशी कापसाच्या काळात हंगाम संपताच शेत मोकळे होई. आता अळीला सहा-आठ महिने अखंड अन्न मिळू लागले, आणि ते अन्न बीटीच्याच विषाने भारलेले होते. प्रतिकारशक्ती निर्माण होण्यास याहून अनुकूल परिस्थिती नसावी. गुजरातेत २०१४-१५ पासून दिसू लागलेला दोन-जनुकी बीटीवरील गुलाबी अळीचा प्रादुर्भाव २०१७-१८ मध्ये विदर्भभर पसरला.

त्याच २०१७ च्या पावसाळ्यात वर्धा नदीपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही कीटकनाशकांवर काही जिल्ह्यांत तात्पुरती बंदी घातली. त्या वर्षी कापसाची झाडे नेहमीपेक्षा उंच वाढली होती, म्हणून फवारा चेहऱ्याच्या पातळीवर आला, हे एक कारण सांगण्यात आले. बाधितांनी सुरक्षा साधने वापरली नाहीत हेही सांगण्यात आले. पहिले कारण निसर्गाचे आणि दुसरे मृताचे. ज्याने औषध बनविले, ज्याने मिश्रण सुचविले आणि ज्याने परवाना दिला, त्यांच्यापर्यंत ही कारणमीमांसा सहसा पोहोचली नाही.

सेंद्रिय प्रयोगांची परंपरा या जिल्ह्यात खंडित झालेली नाही. गोपुरीतील चेतना-विकास, धरामित्र, मगन संग्रहालय समिती या संस्थांनी निंबोळी अर्क, मिश्रपिके व देशी बियाणे यांवर दीर्घकाळ काम केले आहे. त्यांचे क्षेत्र जिल्ह्याच्या एकूण कापसाच्या मानाने लहान आहे. आणि त्यामागे एक साधे कारण आहे. पाच टक्के निंबोळी अर्क करण्यासाठी उन्हाळ्यात निंबोळ्या वेचणे, वाळविणे, कुटणे, रात्रभर भिजविणे आणि गाळणे हे काम घरातील बाईच्या वाट्याला येते, आणि ऐन निंदणाच्या दिवसांत ती मजुरीवर गेलेली असते. डब्यातले औषध महाग असते, पण ते पाच मिनिटांत पंपात पडते.

२०१८ पासून कृषी विभागाने जे उपाय सुचविले, ते पाहता इतिहासाच्या अभ्यासकास ओळखीचे काही आढळते. पूर्वहंगामी लागवड टाळावी म्हणून बियाण्याची विक्री उशिरा सुरू करणे, फरदड न घेणे, डिसेंबरअखेर शेत मोकळे करून त्यात गुरे-मेंढ्या चारणे, पऱ्हाटी रचून न ठेवता यंत्राने बारीक करणे, आणि हिंगणघाट, वर्धा, पुलगावसारख्या ठिकाणच्या जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगांजवळ कामगंध सापळे टांगणे असे हे उपाय आहेत. घराघरात गॅसची शेगडी आल्याने पऱ्हाटीची गरज पूर्वीइतकी राहिलेली नाही. तरीही सिलिंडर भरण्याइतके पैसे नसलेल्या महिन्यांत चुलीपुढे आजही तीच काडी मोडली जाते, आणि अनेक गावांत पावसाळा तोंडावर आला तरी घरामागील पऱ्हाटीचे ढीग तसेच उभे असतात.